डीएनएस रेकॉर्डची स्क्रिप्ट कशात लिहायची: डिग, पायथन, पर्ल, नोड, रूबी की पीएचपी?

एका संध्याकाळी माझ्या स्क्रिप्टनं व्यवस्थित चालू असलेले १९ सीनेम रेकॉर्ड (डीएनएस या इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीतल्या, एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) 'मेलेले' ठरवून काढून टाकले. काम साधं होतं. झोनमधला, म्हणजे आपल्या डोमेनच्या नोंदींमधला, एकेक सीनेम घ्यायचा, तो ज्या नावाकडे बोट दाखवतो ते नाव अजून आहे का ते बघायचं, आणि नसेल तर सीनेम काढायचा. ही साफसफाई करावीच लागते. बंद पडलेल्या सेवेकडे सीनेम तसाच राहिला, तर तिकडे जाऊन तेच नाव दुसरं कुणी घेऊ शकतं आणि आपल्या डोमेनवर स्वतःचं पान उभं करू शकतं. तपासणीसाठी मी शेलमधून डिग ही डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड चालवत होतो, फक्त उत्तर छापणारा प्लस शॉर्ट हा पर्याय लावून. उत्तर रिकामं आलं म्हणजे नाव गेलं, एवढाच हिशेब.

त्या संध्याकाळी पलीकडच्या झोनच्या डीएनएससेक सह्यांची, म्हणजे उत्तर खरं असल्याची खात्री देणाऱ्या डिजिटल सह्यांची, मुदत संपली. आमचा रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्यासाठी उत्तरं शोधून आणणारा सर्व्हर, सह्या तपासणारा होता, म्हणून त्यानं नियमाप्रमाणे प्रत्येक प्रश्नाला सर्व्हफेल दिलं. प्लस शॉर्ट लावल्यावर सर्व्हफेल दिसतच नाही. काहीही छापलं जात नाही आणि एक्झिट कोडही शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', येतो. 'मला सांगता येत नाही' या उत्तराचा अर्थ माझ्या स्क्रिप्टनं 'असं नाव नाही' असा लावला.

सह्या लवकरच नव्या झाल्या, मीही बॅकअपमधून रेकॉर्ड परत टाकले, पण त्रास तेवढ्यावर मिटला नाही. मधल्या वेळात ज्यांनी ती नावं विचारली, त्यांच्या रिझॉल्व्हरनी आमचा नकार साठवून ठेवला होता. नकार किती वेळ साठवायचा हे १९९८ सालच्या आरएफसी २३०८ या मानक दस्तऐवजानुसार एसओए या झोनच्या मुख्य रेकॉर्डवरून ठरतं. त्या रेकॉर्डचा स्वतःचा टीटीएल (उत्तर किती सेकंद साठवायचं तो आकडा) आणि त्यातला शेवटचा 'मिनिमम' आकडा, यातला जो लहान तो धरायचा. आमच्याकडे तो ३६०० सेकंद होता. रेकॉर्ड जागेवर येऊनही काही जणांना पुढचा तासभर ती नावं सापडत नव्हती.

तेव्हापासून डीएनएसच्या कामासाठी भाषा किंवा लायब्ररी निवडताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: हे साधन 'नाही' कसं सांगतं? रेकॉर्ड असला की तो सगळीच साधनं आणून देतात. फरक पडतो तो नकाराच्या वेळी.

नकार चार प्रकारचे असतात. नावच अस्तित्वात नाही, म्हणजे एनएक्सडोमेन. नाव आहे पण विचारलेल्या प्रकारचा रेकॉर्ड नाही. इथे सर्व्हर 'चूक काही नाही' असं म्हणून रिकामं उत्तर देतो, त्याला नोडेटा म्हणतात. सर्व्हरला उत्तर देता आलं नाही किंवा द्यायचं नाही, म्हणजे सर्व्हफेल किंवा रिफ्यूज्ड. आणि चौथा, उत्तरच आलं नाही. पहिल्या दोन नकारांवर विसंबून निर्णय घेता येतो. शेवटच्या दोघांत रेकॉर्डबद्दल काहीही माहिती नसते. तिथे थांबून पुन्हा विचारायचं असतं. मेलच्या बाबतीत तर २०१५ सालच्या आरएफसी ७५०५ नं आणखी एक नकार दिला आहे: एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जातो ते सांगणारा) आहे, पण प्राधान्य शून्य आणि नावाच्या जागी नुसता टिंब. म्हणजे 'हे डोमेन मेल घेत नाही' असं मालकानं स्वतःच जाहीर केलेलं. एमएक्स सापडला एवढ्यावर खूश होणारी स्क्रिप्ट इथे फसते.

आता एकेक साधन.

शेल आणि डिग

प्लस शॉर्टवर राग आहे म्हणून डिग वाईट ठरत नाही. डोळ्यांनी बघायला डिगइतकं प्रामाणिक साधन मला माहीत नाही. उत्तराच्या डोक्यावर स्टेटस असतं, झेंडे (फ्लॅग) असतात, कुठल्या सर्व्हरनं किती मिलिसेकंदांत उत्तर दिलं तेही तळाशी असतं. प्लस शॉर्ट नेमकं तेच सगळं पुसून टाकतं. शिवाय वाटेत सीनेम असेल तर तोही पत्त्यांच्या यादीत एक ओळ म्हणून येतो, त्यामुळे 'पहिली ओळ म्हणजे आयपी' हे गृहीत चुकतं. आणि सर्व्हरकडून काहीच आलं नाही, तर दोन अर्धविरामांनी सुरू होणारी तक्रारीची ओळ स्टँडर्ड आउटपुटवरच छापली जाते. नुसतं रिकामं आहे की नाही एवढंच पाहणारी स्क्रिप्ट त्या ओळीला उत्तर समजते. तिथे एक्झिट कोड ९ मिळतो, पण पाइपच्या पुढे गेल्यावर तो बघतं कोण?

शेलमध्येच राहायचं असेल तर प्लस शॉर्ट सोडा. सगळं बंद करून फक्त टिप्पण्या आणि उत्तर हे दोन भाग चालू ठेवा आणि स्टेटसची ओळ आधी वाचा. बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतल्या डिगला यॅमल या प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात उत्तर देता येतं, ते ओळी कापत बसण्यापेक्षा कितीतरी बरं. दहा-वीस नावं, एकदाच करायचं काम, निकाल माणूस वाचणार, एवढ्यासाठी शेल पुरेसं आहे. निकालावर दुसरी स्क्रिप्ट काही पुसणार असेल, तर नाही.

पायथन

इथे दोन वाटा आहेत आणि नवखे लोक पहिलीवरच थांबतात. भाषेसोबत येणारं सॉकेट मॉड्यूल नावाचा पत्ता काढून देतं, पण ते डीएनएसला थेट विचारत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं. त्यामुळे मशीनवरच्या होस्ट्स फाइलमधली हातानं लिहिलेली ओळसुद्धा उत्तर म्हणून येऊ शकते. टीटीएल कळत नाही, एमएक्स आणि टेक्स्ट (मोकळा मजकूर ठेवणारे) रेकॉर्ड तर मिळतच नाहीत. कुठेतरी जोडणी करायची असेल तर हीच वाट बरोबर, कारण मशीनवरचे बाकीचे प्रोग्रॅमही तशीच नावं सोडवतात. रेकॉर्ड तपासायला मात्र ती चालत नाही.

दुसरी वाट डीएनएसपायथनची. बॉब हॅली यांनी सुरू केलेली ही लायब्ररी मला या सगळ्यांत सर्वांत जास्त आवडते, आणि कारण तेच: चार नकारांना तिच्यात चार वेगळी नावं आहेत. नाव नसेल तर एनएक्सडोमेन हा अपवाद (एक्सेप्शन), प्रकार नसेल तर नोॲन्सर, विचारलेले सगळे सर्व्हर अपयशी ठरले तर नोनेमसर्व्हर्स, आणि वेळ संपली तर लाइफटाइमटाइमआउट. माझ्या त्या संध्याकाळी हीच लायब्ररी असती तर तिसरा अपवाद उडाला असता, स्क्रिप्ट जागेवर थांबली असती आणि १९ रेकॉर्ड शाबूत राहिले असते. पण एक इशारा. घाईत लोक या चौघांचा पूर्वज असलेला डीएनएसएक्सेप्शन एकदाच पकडतात आणि आत 'रेकॉर्ड नाही' असं लिहून मोकळे होतात. लायब्ररीनं कष्टानं वेगळं केलेलं त्या एका ओळीत पुन्हा एकत्र होतं.

आणखी एक बारकावा सीनेमचा. साखळीच्या शेवटचं नाव गायब असेल तर पूर्ण उत्तराला एनएक्सडोमेन हाच कोड येतो, सुरुवातीचा सीनेम जिवंत असला तरी. म्हणजे 'दुकान' हे नाव विचारलं, त्याचा सीनेम आहे, पण तो दाखवतो ते नाव नाही, तरीही उत्तर एनएक्सडोमेनच. 'दुकान' नावाचा रेकॉर्डच नाही असा अर्थ लावलात तर फसलात. सीनेम आहे की नाही हे बघायचं असेल तर सीनेम हाच प्रकार विचारायचा.

डीएनएसपायथनमध्ये हवं तितकं खाली उतरता येतं. वरच्या पातळीवर रिझॉल्व्हर आहे, त्याच्याखाली स्वतः संदेश तयार करून ठरावीक सर्व्हरला पाठवायची सोय आहे. रिझॉल्व्हर वापरलात तर यूडीपी या नेहमीच्या वाटेनं न मावल्यामुळे कापलेलं उत्तर आल्यावर तो आपण होऊन मोठी उत्तरं नेणाऱ्या टीसीपीवर जातो. खालच्या पातळीवर साधं यूडीपी फंक्शन वापरलंत तर तसं होत नाही. ते कापलेलं उत्तर तुमच्या हातात देतं आणि झेंडा तपासायचं काम तुमचं. तिथे टीसीपीचा पर्याय अंगातच असलेलं दुसरं फंक्शन आहे, तेच घ्या. मूळ १९८७ सालच्या आरएफसी १०३५ मध्ये यूडीपी उत्तराची मर्यादा ५१२ बाइट आहे. ईडीएनएस या नंतरच्या विस्तारानं ती वाढवली आणि २०२० पासून १२३२ बाइट हा आकडा सुरक्षित म्हणून सुचवला जातो, पण मोठ्या टेक्स्ट रेकॉर्डचं गाडं अजूनही इथेच अडतं.

२०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत 'क्वेरी' या जुन्या फंक्शनची जागा 'रिझॉल्व्ह'नं घेतली. नाव बदललं एवढंच नाही. जुनं फंक्शन मशीनच्या सर्च यादीतली डोमेनं नावामागे जोडून बघायचं, नवं तसं सांगितल्याशिवाय करत नाही. जुनी स्क्रिप्ट नव्यावर आणताना आखूड नावं अचानक 'सापडत नाहीत' ती यामुळे. एका नावासाठीची एकूण वेळमर्यादा सांगितली नाही तर ५ सेकंद असते. हजारो नावं एकामागून एक तपासायची तर असिंक (उत्तराची वाट बघत न थांबता पुढचे प्रश्न सोडणारा) रिझॉल्व्हर घ्या आणि एकाच वेळी किती प्रश्न सोडायचे त्यावर हात आवरता ठेवा.

पर्ल

१९९७ मध्ये मायकेल फुहर यांनी सुरू केलेलं नेट-डीएनएस हे मॉड्यूल अनेक जुन्या सर्व्हरवर आजही मुकाट्यानं काम करत असतं. तुमच्याकडे अशा चालू स्क्रिप्ट असतील तर फॅशन म्हणून त्या पायथनमध्ये हलवू नका; क्षमतेत हे मॉड्यूल कुठेही कमी पडत नाही. फक्त एक जागा तपासा. त्यातली 'क्वेरी' ही मेथड उत्तराचा भाग रिकामा असला की काहीच परत देत नाही, मग कारण काहीही असो. कारण हवं असेल तर एररस्ट्रिंग वेगळी वाचावी लागते. 'सेंड' मात्र आलेला पूर्ण पॅकेट देते, त्याच्या हेडरमधून कोड वाचता येतो, आणि काहीच आलं नाही तरच हात रिकामा राहतो. नव्या कोडमध्ये मी सरळ सेंडच वापरीन. एमएक्ससाठी यात तयार फंक्शन आहे, ते प्राधान्यानुसार लावून यादी देतं. बाकी ठिकाणी ही मांडणी आपली आपणच केलेली बरी. सर्व्हरकडून आलेला क्रम गृहीत धरता येत नाही.

नोड

नोडच्या डीएनएस मॉड्यूलमध्ये दोन दारं शेजारी शेजारी आहेत आणि त्यांची कामं पूर्ण वेगळी. 'लुकअप' ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, 'रिझॉल्व्ह'ची सगळी भावंडं सी-एरेस या लायब्ररीतून थेट डीएनएसला विचारतात. लुकअपमधला ई-नॉट-फाउंड हा कोड नाव नसल्यावर तर येतोच, पण फाइल डिस्क्रिप्टर संपले असे भलतेच कारण असलं तरी येऊ शकतो, हे नोडच्या स्वतःच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. शिवाय लुकअप थ्रेडपूलमधला, म्हणजे मागे काम करणाऱ्या मोजक्या धाग्यांमधला, एक धागा अडवतो. ते धागे मुळात ४ असतात आणि फाइल वाचण्याचं कामही त्यांच्यावरच असतं, त्यामुळे काही हळू नावांपायी फाइलींचं काम तुंबू शकतं.

रिझॉल्व्हच्या बाजूला मात्र चित्र स्वच्छ आहे: ई-नॉट-फाउंड, ई-नो-डेटा, ई-सर्व्ह-फेल, ई-टाइमआउट असे वेगळे कोड. स्वतंत्र रिझॉल्व्हर तयार करून त्याला हवे ते सर्व्हर देता येतात, फक्त आयपी पत्त्यानं. रेकॉर्ड बदलायची सोय मॉड्यूलमध्ये नाही. तुमची बाकीची यंत्रणा जावास्क्रिप्टमध्ये असेल आणि फक्त वाचायचं असेल, तर बाहेर जायची गरज नाही.

रूबी आणि पीएचपी

रूबीसोबत येणारं रिझॉल्व्ह वापरायला गोड आहे, आणि तीच अडचण आहे. रेकॉर्ड मागणारी मेथड नाव नसलं तरी रिकामी यादी देते, प्रकार नसला तरी रिकामी यादी देते, आणि वेळ संपली तरीही रिकामी यादीच देते. नव्या आवृत्त्यांत टाइमआउटला अपवाद फेकायला लावणारा पर्याय आला आहे, पण तो मागून घ्यावा लागतो. गंभीर कामासाठी डीएनएसरूबी हे जेम घ्या. ते पर्लच्या नेट-डीएनएसच्या वळणावर बेतलेलं आहे आणि त्यात एनएक्सडोमेन, सर्व्हफेल, टाइमआउट यांचे वेगळे अपवाद आहेत.

पीएचपीमध्ये रेकॉर्ड मागणारं फंक्शन नकारात रिकामी ॲरे देतं आणि सर्व्हरनं हात वर केले तर फॉल्स. फरक आहे, पण बहुतेक कोडमध्ये उद्गारचिन्ह लावून दोन्ही एकाच अटीत तपासलेली दिसतात. तीन बरोबरच्या चिन्हांनी फॉल्स वेगळा काढा. गेट-होस्ट-बाय-नेम तर अपयश आल्यावर तुम्ही दिलेलंच नाव परत करतं. कुठला सर्व्हर विचारायचा हे सांगता येत नाही, त्यामुळे फॉर्मवर आलेल्या ईमेलचं डोमेन तपासण्यापलीकडे मी यात जाणार नाही.

| साधन | नाव नाही | प्रकार नाही | सर्व्हर अपयशी | उत्तर आलं नाही |
|---|---|---|---|---|
| डिग, प्लस शॉर्ट | रिकामं | रिकामं | रिकामं | तक्रारीची ओळ, कोड ९ |
| डीएनएसपायथन | एनएक्सडोमेन | नोॲन्सर | नोनेमसर्व्हर्स | लाइफटाइमटाइमआउट |
| पर्ल, सेंड | पॅकेटमधला कोड | रिकामं उत्तर, कोड नोएरर | पॅकेटमधला कोड | पॅकेट नाही |
| नोड, रिझॉल्व्ह | ई-नॉट-फाउंड | ई-नो-डेटा | ई-सर्व्ह-फेल | ई-टाइमआउट |
| रूबी, रिझॉल्व्ह | रिकामी यादी | रिकामी यादी | रिकामी यादी | रिकामी यादी |
| पीएचपी | रिकामी ॲरे | रिकामी ॲरे | फॉल्स | फॉल्स |

टेक्स्ट रेकॉर्डचे तुकडे

नकारांनंतर सगळ्यात जास्त वेळ खाणारी जागा ही. टेक्स्ट रेकॉर्डमधली एक स्ट्रिंग २५५ बाइटपेक्षा लांब असू शकत नाही. मेलवरची सही पडताळणाऱ्या डीकेआयएमची २०४८ बिटची चावी त्यात बसत नाही, म्हणून एकाच रेकॉर्डमध्ये दोन स्ट्रिंग येतात. डिग त्या दोन अवतरणांत दाखवतो, मध्ये एक मोकळी जागा सोडून. ती जागा फक्त दाखवण्यापुरती असते, मजकुराचा भाग नसते. तुकडे एकमेकांना काहीही न घालता चिकटवायचे. आपल्या डोमेनच्या नावे मेल कोण पाठवू शकतं ते सांगणाऱ्या एसपीएफच्या बाबतीत हे चुकलं तर दोन शब्द भलत्या ठिकाणी तुटतात आणि 'इन्क्लूड'च्या पुढचं नाव अर्धवट राहतं. नोड प्रत्येक रेकॉर्डसाठी तुकड्यांची आतली ॲरे देतो, डीएनएसपायथन स्ट्रिंग्ज नावाच्या गुणधर्मात बाइटचे तुकडे देतं, पीएचपी जोडलेला मजकूर आणि तुकडे दोन्ही देतं. पर्लमध्ये तुकडे यादी म्हणून मागा आणि स्वतः जोडा. डीएनएसपायथनमध्ये रेकॉर्डचं सरळ मजकुरात रूपांतर केलंत तर अवतरणचिन्हांसकट मिळतं. तुलना नेहमी स्ट्रिंग्जवर करा.

देवनागरी डोमेननाव हाताळत असाल तर आणखी एक जागा बघा. पायथनमध्ये भाषेसोबत येणारं आयडीएनए रूपांतर (देवनागरी नाव डीएनएसला चालणाऱ्या इंग्रजी अक्षरांत, म्हणजे प्युनीकोडमध्ये, बदलणं) २००३ च्या नियमाचं आहे, आणि त्या नियमात अक्षरं जोडणारं अदृश्य झेडडब्ल्यूजे चिन्ह गाळलं जातं. २००८ च्या नियमात ते हलंतानंतर चालतं. त्यामुळे एकाच दिसणाऱ्या नावाचे दोन वेगळे प्युनीकोड तयार होऊ शकतात. डीएनएसपायथनला कोणता नियम वापरायचा ते सांगता येतं, सांगाच.

रेकॉर्ड बदलायचे असतील तर

इथे आधी बघायचं ते झोन कुठे ठेवला आहे. सर्व्हर तुमचा असेल आणि तो १९९७ सालच्या आरएफसी २१३६ प्रमाणे डायनॅमिक अपडेट (रेकॉर्ड बदलायला सांगणारे संदेश) घेत असेल, तर शेलमधला एनएसअपडेट, डीएनएसपायथन आणि नेट-डीएनएस हे तिघंही टीसिगच्या, म्हणजे दोघांकडे असलेल्या गुप्त चावीच्या, सहीसह काम करतात. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती पूर्वअट. 'हा रेकॉर्ड अजून असाच असेल तरच काढ' असं एकाच संदेशात सांगता येतं आणि सर्व्हर अट आणि बदल एकत्रच हाताळतो. आधी वाचा, मग बदला, यात मधल्या मध्ये दुसऱ्या कुणी काही बदललं तर जी गडबड होते ती इथे होत नाही. अट मोडली तर एनएसअपडेट तसं स्पष्ट सांगतो आणि एक्झिट कोडही शून्य येत नाही. थोडेच बदल असतील तर त्यासाठी लायब्ररीसुद्धा लागत नाही.

झोन बाहेरच्या सेवेकडे असेल तर बदल बहुधा त्यांच्या वेब एपीआयमधून होतात आणि वरच्या लायब्ररी फक्त पडताळणीपुरत्या उरतात. तिथे स्वतःची स्क्रिप्ट लिहिण्याआधी ऑक्टोडीएनएस बघा. गिटहबनं २०१७ मध्ये खुलं केलेलं हे पायथनमधलं साधन आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं, स्पष्ट सांगितल्याशिवाय काहीही लिहीत नाही, आणि झोनमधल्या ३० टक्क्यांहून जास्त रेकॉर्ड बदलणार किंवा पुसले जाणार असतील तर अडून बसतं. ही मर्यादा कुणीतरी पोळल्यावरच आली असणार, असं मला मनापासून वाटतं.

बदल पोहोचला का हे बघताना आपल्या नेहमीच्या रिझॉल्व्हरला विचारू नका. तो साठवलेलं उत्तर देईल, किंवा तुमच्या घाईच्या प्रश्नामुळे नकार साठवून बसेल. सर्टिफिकेटसाठी डोमेन आपलंच आहे हे दाखवणारा आव्हानाचा टेक्स्ट रेकॉर्ड टाकता तेव्हा हे हमखास घडतं. झोनचे एनएस रेकॉर्ड (झोनचे मूळ सर्व्हर कुठले ते सांगणारे) काढा, त्यांचे पत्ते काढा आणि प्रत्येकाला थेट विचारा. पायथन, पर्ल, नोड आणि डिग यांत हे जमतं.

ती सीनेमची स्क्रिप्ट आता डीएनएसपायथनमध्ये आहे. ती फक्त एनएक्सडोमेन मोजते, तेही दोन वेगळ्या रिझॉल्व्हरकडून, सलग तीन दिवस. बाकी काहीही आलं तर नाव यादीत राहतं आणि कारण नोंदवलं जातं. काढण्याच्या संदेशात पूर्वअट असते की सीनेम अजून त्याच मेलेल्या नावाकडे बोट दाखवतोय. आणि एका फेरीत पाचाहून जास्त रेकॉर्ड जाणार असतील, तर ती काहीही न पुसता यादी माझ्याकडे पाठवते.